घरचं शूटिंग आणि सूचीचं सॉफ्टवेअर

आमच्या घरात तीन पिढ्यांनी शूटिंग केलेलं आहे. आजोबांची 8 मिलिमीटरची रिळं, बाबांच्या व्हीएचएस आणि पुढे व्हिडिओ-8 च्या कॅसेटी, भावाच्या मिनी डीव्ही, मग मेमरी कार्डवाला कॅमकॉर्डर आणि शेवटी सगळ्यांचे फोन. हे सगळं डिजिटल करून घेण्याबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातं, त्यामुळे त्यात शिरत नाही. फायली तयार झाल्या, हार्ड डिस्क भरली आणि मग खरा प्रश्न पुढे आला. यात काय आहे, कोण आहे, कधीचं आहे, हे कळणार कसं? फोटोवरून नजर फिरवली की अंदाज येतो. व्हिडिओचं तसं नसतं. तासाभराच्या कॅसेटमध्ये आजीचं गाणं दोन मिनिटांचं असतं, आणि ते कुठे आहे हे माहीत नसेल तर ते असून नसल्यासारखंच.

म्हणून सूची करायला घेतली, आणि ती सॉफ्टवेअरच्या भरवशावर करायची असं ठरवलं. एवढे तास बसून बघायला कुणालाच सवड नव्हती. या कामात काही बाबतीत सॉफ्टवेअरने इतकी साथ दिली की त्याच्याशिवाय मी निम्म्यात सोडून दिलं असतं. काही बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे, आणि तो धोका सुरुवातीला दिसत नाही.

सिनेमांचा संग्रह ठेवणाऱ्यांसाठी असतात तसले प्रोग्रॅम मी आधी वापरून पाहिले. डीव्हीडीचा बारकोड किंवा फाईलचं नाव वाचायचं, ते इंटरनेटवरच्या यादीत शोधायचं आणि कलाकार, वर्ष, पोस्टर आणून लावायचं, ही त्यांची पद्धत. विकतच्या सिनेमांना ती उत्तम चालते, कारण ती माहिती दुसऱ्या कुणीतरी आधीच भरून ठेवलेली असते. घरच्या शूटिंगची माहिती जगात कुठेच नोंदलेली नाही. ती दोन-चार माणसांच्या डोक्यात असते. प्रोग्रॅमला याची कल्पना नसल्यामुळे त्याने आमच्या मावशीच्या लग्नाच्या फाईलला भलत्याच सिनेमाचं पोस्टर आणि कथासार चिकटवलं. तो शोध बंद करता येत होता, पण बंद केल्यावर हातात उरल्या नुसत्या रिकाम्या रकान्यांच्या ओळी. मग फोटो आणि व्हिडिओ दोन्ही सांभाळणारा, चेहरे ओळखणारा, टॅग लावू देणारा एक प्रोग्रॅम निवडला आणि सगळा संग्रह त्याच्या हवाली केला.

पहिला गोंधळ तारखांचा. प्रोग्रॅमने सगळं कालक्रमाने मांडून दाखवलं आणि आजोबांची रिळं थेट गेल्या वर्षी जाऊन बसली, कारण त्या फायली गेल्या वर्षी तयार झाल्या होत्या. काही व्हिडिओ 1904 सालचे दिसत होते. याचं कारण कळल्यावर बरं वाटलं. एमपी4 आणि क्विकटाइम फायलींमध्ये तारीख म्हणजे 1 जानेवारी 1904 पासून मोजलेले सेकंद असतात. तारखेच्या जागी शून्य असलं की काही प्रोग्रॅम ते रिकामं न मानता सरळ 1904 दाखवतात. म्हणजे 1904 दिसलं की तारीख लिहिलेलीच नाही असं समजायचं. मी त्या सगळ्या फायलींना ‘तारीख नाही’ असा टॅग लावून टाकला.

याहून फसवे निघाले ते काही तासांनी सरकलेले व्हिडिओ. याच फायलींमधली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत, लिहावी असा नियम आहे. फोन बहुधा तो पाळतात, पुष्कळ कॅमेरे मात्र स्वतःच्या घड्याळात जी वेळ असेल तीच लिहून मोकळे होतात. त्यामुळे एकाच समारंभाचं फोनवरचं आणि कॅमेऱ्यातलं शूटिंग एकत्र लावलं की क्रम बिघडतो. आमच्याकडे पाहुणे निरोप घेऊन निघताना आधी दिसायचे आणि दारातून आत येताना नंतर. ज्याने तो समारंभ पाहिलेला नाही त्याला यात चूक आहे हे कळायलाही वाव नाही. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल 2003 पासून उपलब्ध आहे आणि फुकट आहे. फाईलच्या पोटात कोणकोणत्या तारखा दडल्या आहेत ते त्यात वेगवेगळं बघता येतं आणि एखाद्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फायलींची वेळ एकदम पुढेमागे करता येते. हे काम सुंदर प्रोग्रॅमपेक्षा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायच्या या साध्या अवजाराने जास्त चोख केलं.

मिनी डीव्हीच्या बाबतीत तर सॉफ्टवेअरने कमालच केली. या कॅसेटवर चित्रासोबत शूटिंगची तारीख-वेळही नोंदलेली असते. कॅसेट फायरवायरच्या केबलने जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवली तर ती नोंद टिकते. तीच कॅसेट पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने उतरवली तर चित्र येतं आणि तारीख जाते. एका तासाची फाईल साधारण 13 जीबीची होते, म्हणून लोक लहान फाईल करून मागतात आणि त्यातही ही नोंद हरवते. भावाच्या कॅसेटी आम्ही पहिल्या पद्धतीने उतरवल्या होत्या. प्रोग्रॅमने जिथे जिथे वेळेत खंड पडला तिथे तिथे प्रसंग सुटा केला आणि प्रत्येकाला त्याची तारीख दिली. एका कॅसेटमधून कुणाचा वाढदिवस, कुणाची पहिली सायकल, एक लांबचा प्रवास असं आपापल्या दिवसानिशी बाहेर आलं. हे हाताने करायला किती वेळ गेला असता याचा विचारही करवत नाही. एका कॅसेटवर मात्र सगळे प्रसंग एकाच वर्षाच्या 1 जानेवारीचे निघाले. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपली की घड्याळ मूळ तारखेवर जातं, आणि पुढचं शूटिंग त्याच खोट्या तारखेखाली होत राहतं. पडद्यावर लख्ख दिसणारी तारीख खरी असेलच असं नाही, हे तेव्हापासून मी पक्कं धरलं.

आजोबांच्या रिळांना तर तारीखच नव्हती. त्या काळचं 8 मिलिमीटरचं रीळ 50 फुटांचं, सेकंदाला 16 चित्रांच्या वेगाने जेमतेम चार मिनिटं चालणारं आणि मुकं. आजोबांनी एकेका प्रसंगाला काही सेकंदच दिले आहेत, पण ते इतके विचारपूर्वक दिले आहेत की फोनवरचं लांबलचक शूटिंग त्याच्यापुढे पसरट वाटतं. डबे उघडून फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा भिंगातून कडेला बारीक खुणा दिसल्या, वर्तुळ आणि त्रिकोण. कोडॅक आपल्या फिल्मच्या कडेला अशा आकृत्या छापत असे आणि त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली हे कळतं. तीच खूण 20 वर्षांनी पुन्हा येते, म्हणून दोन-तीन वर्षांमधून एक निवडावं लागतं. चित्रात दिसणाऱ्या मुलांच्या वयावरून ते सहज निवडता येतं. फिल्म बनली त्याच्या आधी शूटिंग होणं शक्य नाही, म्हणजे निदान एक बाजू तरी पक्की झाली. डिजिटल करताना ही कड कापली जाते, त्यामुळे फाईल कितीही तपासली तरी हे कळलं नसतं. मूळ रिळं फेकू नका असं मी सगळ्यांना सांगत असते ते यासाठीही.

वर्ष कळलं, पण महिना आणि दिवस नाही. प्रोग्रॅमला पुरी तारीख हवी असते. नुसतं वर्ष घातलं की तो मुकाट्याने 1 जानेवारी करून टाकतो, आणि पुढे बघणाऱ्याला ती खरीच तारीख वाटते. ‘सुमारे’ असं त्याला सांगताच येत नाही. ग्रंथालयांना आणि अभिलेखागारांना ही अडचण जुनीच आहे आणि त्यासाठी 2019 च्या आयएसओ 8601-2 या प्रमाणात तजवीजही आहे. वर्षापुढे ~ अशी खूण केली की अंदाजे, प्रश्नचिन्ह केलं की शंकास्पद, आणि 196X लिहिलं की त्या दशकातलं कोणतं तरी वर्ष. मी तीच पद्धत उचलली. तारखेचा रकाना सोडून वेगळ्या रकान्यात 1967~ असं लिहायचं आणि बाजूला कारण लिहायचं: कडेची खूण, मुलाचं वय, आत्याने सांगितलं. कारण लिहिण्याचा हा रकाना मला सगळ्या सूचीत महत्त्वाचा वाटतो. उद्या कुणाला शंका आली तर माझा शब्द प्रमाण मानायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

आता चेहऱ्यांबद्दल. फोनवरच्या व्हिडिओंमध्ये प्रोग्रॅमने माणसं झरझर वेगळी केली, नावं मी दिली. जसजसं मागे जावं तसतसा त्याचा हात थरथरू लागला. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांचा तपशील असतो आणि चित्र एक आड एक रेषांनी रंगवलेलं असतं, त्यामुळे माणूस हलला की चेहऱ्याच्या कडांना दाते पडतात. त्याने मला आणि माझ्या बहिणीला एकच व्यक्ती ठरवलं. बाबांचे मात्र तीन केले: मिशीवाले, बिनमिशीचे आणि चष्म्यातले. हे तरी दुरुस्त करता आलं. ज्यांना मीच ओळखत नव्हते त्यांचं काय करायचं? ‘अनोळखी’ या गटात एवढे चेहरे साठले की पडदा पुरेना.

आत्या आमच्यात सगळ्यात मोठी. तिला ते कापलेले चेहरे एकेक करून दाखवले. चौकोनात बसवलेला एक धूसर चेहरा, आजूबाजूला काही नाही. ती बराच वेळ बघायची आणि म्हणायची, “नाही गं लक्षात येत.” पाच-सहा चेहऱ्यांनंतर ती थकली आणि मला वाटलं, ही माहिती गेलीच. मग चेहरे बंद केले आणि मूळ व्हिडिओच लावला.

“आत्या, तो पाठमोरा कोण चाललाय?”

“अगं, नाना तो! बघ ना, डावा खांदा पाडून चालतोय. आणि त्याच्या मागून धावत येतेय ती त्याची धाकटी. थांब, थांब, मागे घे जरा. तुझ्या बाबाच्या हाताला प्लास्टर आहे का? मग हे जुन्या घरातलं शेवटचं वर्ष. प्लास्टर निघालं आणि आम्ही सामान हलवलं.”

चेहरा दिसतच नव्हता, तरी नाव मिळालं, नातं मिळालं आणि वर्षही मिळालं. माणूस ओळखू येतो तो त्याच्या चालण्यावरून, शेजारी कोण उभं आहे त्यावरून, हसताना तोंडावर हात नेण्याच्या सवयीवरून. सॉफ्टवेअरने चेहरा कापून वेगळा काढला तेव्हा हे सगळं कात्रीच्या बाहेर राहिलं होतं. त्यानंतर आम्ही कामाची पद्धतच बदलली. आत्या बघते आणि बोलते, मी तिचा आवाज ध्वनिमुद्रित करते आणि व्हिडिओतली वेळ तेवढी टिपून घेते. तिला टॅग, रकाने यातलं काही सांगायचं नाही.

इथे सॉफ्टवेअर पुन्हा कामी आलं, आणि अगदी वेगळ्या रीतीने. बोलण्याचं लेखी रूप करणारे प्रोग्रॅम आता मराठीतही चालतात आणि इंटरनेटशिवाय आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतात. असा एक प्रोग्रॅम मी आधी जुन्या कॅसेटींवर चालवला होता. गलका आणि वारा असलेल्या जागी त्याने काहीबाही लिहिलं. शांतता होती तिथे तर कुणीच न उच्चारलेली वाक्यं लिहून ठेवली. तशा मजकुरावर सूची उभी करणं म्हणजे घरच्यांच्या तोंडी न बोललेले शब्द घालणं, म्हणून ते सगळं पुसून टाकलं. पण आत्याचं बोलणं खोलीत, माइकजवळ, सावकाश. ते त्याने बऱ्यापैकी उतरवलं. मी ते वाचून दुरुस्त करते, मुख्यतः नावं. आता ‘प्लास्टर’ असं शोधलं की तो व्हिडिओ त्या क्षणावर उघडतो. आत्याचं ध्वनिमुद्रण मी त्याच फोल्डरमध्ये ठेवलं आहे, कारण संग्रहाचा तोही एक भागच झाला आहे.

नावांबद्दल एक सांगते, कारण हे कुठल्याच मदतपुस्तिकेत सापडलं नाही. टॅगमध्ये नातं लिहू नये. माझी आत्या आईची नणंद आहे, माझ्या आतेभावाची आई आहे आणि पुढच्या पिढीची आजी. मी ‘आत्या’ लिहिलं तर ते माझ्यापुरतं खरं. शिवाय आमच्याकडे ‘बाळ’ नावाने हाक मारले जाणारे दोघे आहेत, दोन वेगळ्या पिढ्यांतले. पूर्ण नाव, जन्माचं वर्ष आणि घरातलं हाकेचं नाव असं तिन्ही लिहायला लागल्यापासून सरमिसळ थांबली.

शूटिंग कोणी केलं यालाही प्रोग्रॅममध्ये जागा नव्हती. चेहऱ्यांची गणती पाहिली तर आजोबा जवळपास कुठेच नाहीत. यंत्राच्या दृष्टीने ते आमच्या घरातले सर्वात अनुपस्थित गृहस्थ, आणि प्रत्यक्षात त्या रिळांतली प्रत्येक चौकट त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली. ग्रंथालयांत वापरलं जाणारं डब्लिन कोअर हे नोंदींचं प्रमाण 1995 च्या बैठकीतून सुरू झालं. त्याच्या मूळ 15 रकान्यांत निर्मात्यासाठी जागा आहे. मी माझ्या सूचीत तसा रकाना घातला आणि सगळ्यात आधी तोच भरला.

आणि मग ज्या प्रोग्रॅमवर हे सगळं उभं होतं तो बंद पडला. बनवणाऱ्यांनी सुधारणा देणं थांबवलं, कॉम्प्युटरची प्रणाली नवी झाली आणि एक दिवस तो उघडेचना. असं होणं नवलाचं नाही. गूगलने फोटो सांभाळणारं पिकासा 2016 मध्ये थांबवलं तेव्हा किती घरांतली मांडणी खोळंबली असेल. व्हिडिओ सगळे जागेवर होते, गेली होती ती त्यांच्याबद्दलची माहिती: नावं, प्रसंग, कारणं, आत्याने सांगितलेलं सगळं. मी सरळ रडायच्या बेतात होते. भावाने त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शोध घेतला तेव्हा एक मोठी फाईल सापडली आणि ती एसक्यूलाइटची निघाली. हा डेटाबेस इतका सर्वत्र वापरला जातो आणि त्याची रचना इतकी खुली आहे की तो उघडायला मूळ प्रोग्रॅम लागत नाही. फुकट अवजाराने उघडला आणि आत तक्ते दिसले. एका तक्त्यात नावं, दुसऱ्यात फायली, तिसऱ्यात कोणतं नाव कोणत्या फाईलला. जोडून जोडून बहुतेक सगळं परत मिळालं. चेहऱ्यांचे चौकोन गेले, त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

त्या प्रोग्रॅमने ही माहिती कुलूपबंद स्वरूपात ठेवली असती तर काहीच हाती लागलं नसतं. म्हणून आता कुठलाही नवा प्रोग्रॅम घेताना मी थोड्या फायली घालते, मराठीत नावं आणि शेरे लिहिते आणि लगेच सगळं बाहेर काढून बघते. बाहेर काढायची सोयच नसेल तर विषय संपला. असेल तर काय काय बाहेर येतं ते तपासायचं. अनेक प्रोग्रॅम टॅग देतात पण शेरे गाळतात, किंवा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा देतात. काही वेळा चूक प्रोग्रॅमची नसते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल, स्प्रेडशीटमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की मराठीचा चुथडा दिसतो, आणि ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-8 ही अक्षरं साठवायची पद्धत निवडली की तीच फाईल व्यवस्थित वाचता येते.

सध्याची आमची व्यवस्था अशी आहे की सूचीचं मूळ घर म्हणजे एक साधी सीएसव्ही फाईल. प्रत्येक कॅसेटला आणि रिळाला एक क्रमांक, तो डब्यावर पेनाने लिहिलेला, फाईलच्या नावात तोच आणि सूचीतही तोच. डब्यावरच्या हस्ताक्षराचे फोटो काढून ठेवले आहेत, कारण बाबांनी लेबलांवर खोडून-खोडून लिहिलेल्या मजकुरातही माहिती आहे. प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची एक मजकुराची फाईल असते, त्यात आत्याचं बोलणं. प्रोग्रॅम या सगळ्याच्या वर बसतो. शोधायला, बघायला, प्रसंग सुटे करायला तो हवाच. उद्या तो गेला तर दुसरा येईल आणि याच फायली वाचेल.

प्रत्येक व्हिडिओचा शा-256 ठसाही, म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ, काढून ठेवला आहे. फाईलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा ठसा पूर्ण बदलतो. नव्या डिस्कवर सगळं हलवल्यावर ठसे ताडून पाहिले तर एका फाईलचा जुळेना. बघायला ती नेहमीसारखीच चालत होती, बिघाड कुठेतरी मधेच होता. मूळ प्रत शाबूत असल्यामुळे पुन्हा कॉपी केली. हे काम फक्त यंत्रच करू शकतं आणि ते मी त्याच्यावर निर्धास्त सोपवते. प्रती तीन आहेत, त्यातली एक दुसऱ्या घरी.

अजून खोकी शिल्लक आहेत. कॅसेटींची चुंबकी फीत वर्षांगणिक खराब होत जाते, म्हणून सर्वात जुनी किंवा सर्वात खराब झालेली कॅसेट आधी घ्यावी असा सल्ला सगळे देतात, आणि तो रास्तही आहे. आम्ही क्रम जरा वेगळा लावला आहे. ज्या कॅसेटमधली माणसं फक्त आत्याला किंवा तिच्या वयाच्या कुणाला ओळखता येतील ती आधी उतरवायची आणि त्याच आठवड्यात तिच्यासमोर लावायची. भावाच्या मिनी डीव्हींपैकी उरलेल्या शेवटी, कारण त्यांतली सगळी माणसं मला ओळखता येतात.